कागदावरचा पावसाळा

यंदा श्रावण ओला आहे. सकाळपासून चिकट, न थांबणारी भुरभुर चालू आहे आणि आमच्या वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात नांदेडहून आलेली सहा-सात विद्यार्थी मंडळी छत्र्या झटकत उभी आहेत. विद्यार्थी म्हणायचं एवढंच. त्यातल्या एकीच्या केसांत पांढरं दिसतंय, एक जण सरकारी दवाखान्यात ब्रदर आहे, एकाला रात्रीची ड्युटी असल्यामुळे दोनच्या गाडीने परत जायचंय. नोकरी करता करता वार्धक्यशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करणारी ही माणसं दरवर्षी याच दिवसांत आमच्याकडे लातूरला येतात. परीक्षेआधी म्हाताऱ्या माणसांशी प्रत्यक्ष बोलून काही चाचण्या घ्यायच्या असतात. त्यांच्या प्लास्टिकच्या फायली उघडल्या, की नव्या झेरॉक्सचा गरम वास येतो. तो वास नाकात गेला, की मी चहाचं सांगायला उठतो.

मीही हा अभ्यास केला. चाळिशी उलटल्यावर. रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्याच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी रात्री पिशवी भरायची, शनिवारी पहाटे नांदेडची एसटी धरायची, दोन दिवस वर्गात बसायचं आणि रविवारी रात्री परत. बायको म्हणायची, "म्हातारं व्हायला कोर्स लागत असंल, हे आजच कळलं." मी हसायचो, पण मनातून मला या अभ्यासाचं फार अप्रूप होतं. दहा-बारा वर्षं मी या आश्रमाची व्यवस्था बघत होतो. जेवण, औषधं, भांडणं, पोटदुखी, रुसवे. हे सगळं अंदाजाने चाललं होतं. आता त्याला शास्त्र मिळणार होतं. पुस्तकात ओळीखाली ओळ आखताना मला वाटायचं, आपण या माणसांसाठी काहीतरी मोठं करतोय. आजही मला तो तेव्हाचा माणूस आठवला, की पुस्तकावर झुकलेली त्याची प्रामाणिक मान दिसते, आणि त्याची कीव करावी की त्याच्यावर रागवावं हे ठरत नाही.

एसटीच्या खिडकीतून त्या वर्षीचा मराठवाडा बघवत नव्हता. अहमदपूरच्या पुढे सोयाबीन वीतभर वाढून थांबलेलं. पानांचा रंग हिरवा नव्हता, पिवळाही नव्हता, धुळीचा होता. लोह्याला गाडी थांबली, की बाया रिकाम्या घागरी घेऊन चढायच्या आणि कंडक्टर त्यांचं तिकीटही मागायचा नाही. नांदेडला पुलावरून गोदावरी दिसायची, म्हणजे वाळू दिसायची, आणि वाळूत क्रिकेट खेळणारी पोरं.

आश्रमात टँकर आठवड्यातून एकदा. तो आला, की काठ्या टेकत सगळे बाहेर यायचे, कुणी लग्नाची वरात बघावी तसे. पाइपातून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत उभे राहायचे. अंघोळ ओल्या फडक्याची, जेवण पत्रावळीवर. संडासाला पाणी लागतं म्हणून म्हाताऱ्यांनी आपण होऊन पाणी पिणं कमी केलं होतं. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

महालिंगप्पा आमच्याकडे येऊन तेव्हा चारेक वर्षं झाली होती. सगळे त्यांना अप्पाच म्हणायचे. ऐंशीच्या आसपासचे, जळकोटकडच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान होतं. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि स्वतःच्या पायांनी आमच्या फाटकातून आत आले. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, आणि तोंडात सतत कुणाची तरी खोडी. मला ते "माधवा" म्हणायचे, अरेतुरे करायचे. माझ्या केसांना कलप लावलेला दिसला, की म्हणायचे, "का रं माधवा, तुजं पण दुकान चालंना व्हय, रंगरंगोटी करून राहिलास?"

अप्पा सकाळ-संध्याकाळ एकटे फिरून यायचे. श्रावणातल्या सोमवारी तर पहाटेच निघायचे, महादेवाच्या देवळात. त्या वर्षी देवळानेही पिंडीवर पाणी घालायला बंदी केली होती, नुसतं बेलाचं पान वाहायचं. अप्पा म्हणायचे, "देवालाबी कळून राहिलं, तहान म्हणजे काय."

त्या उन्हाळ्यात आमची एक आजी फाटकातून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सापडली. संस्थेची माणसं घाबरली. तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं, यावर उपाय आहे. स्मरणशक्तीची आणि भानाची एक चाचणी असते, ती सगळ्यांची घेऊ. ज्यांचे मार्क ठरलेल्या रेषेच्या खाली, त्यांना मागच्या हॉलमध्ये ठेवू. त्यांनी सोबतीशिवाय बाहेर जायचं नाही. मागच्या हॉलला बाहेरून कडी होती. सचिवांनी मान डोलावली. "बघा, शिक्षणाचा उपयोग," ते म्हणाले. मला ते फार आवडलं.

चाचणीचे नियम वर्गात पाठ करून घेतले होते. प्रश्न लिहिलाय तसाच विचारायचा. फार तर एकदा परत विचारायचा. मदत करायची नाही, चर्चा करायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मी घरी आरशासमोर चेहरा कोरा ठेवायचा सरावसुद्धा केला होता.

अप्पांची पाळी आली ती नागपंचमीच्या आदल्या दिवशी. ऑफिसातला पंखा बंद होता, वीज गेलेली. खिडकीतून उन्हाची झळ आत येत होती. अप्पा खुर्चीत मांडी घालून बसले.

"आज तारीख काय आहे?"

"श्रावण शुद्ध चौथ. उद्या पंचमी. आमच्या घरी पंचमीला तव्यावर काय टाकत न्हवते बग."

कागदावर इंग्रजी तारखेची जागा होती. मी परत एकदा विचारलं. ते म्हणाले, "सांगितली की." मी शून्य लिहिलं.

"सध्या कोणता ऋतू चालू आहे?"

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणातल्या कडुलिंबाखाली कुत्रं जीभ काढून पडलं होतं. "उन्हाळा," ते म्हणाले.

"कोणता ऋतू चालू आहे, अप्पा?"

"उन्हाळाच हाय की. तुला घाम येऊन राहिला न्हाई का?"

शून्य.

"आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत?"

यावर ते खूश झाले. खुर्चीत पुढे सरकले. "कोणता सांगू? जन्मलो तवा आमचं गाव बीदर जिल्ह्यात, निजामाचं राज. लगीन झालं तवा उस्मानाबाद. दुकानाला माडी बांधली तवा लातूर जिल्हा नवा झाला, पेढे वाटले व्हते मी गिऱ्हाइकांना. आन् आता पेपरवाले म्हणून राहिलेत, उदगीर जिल्हा होणार. मानूस जाग्यावरच, जिल्हे फिरून राहिलेत. तूच सांग, कोणता लिवतोस?"

मला हसू आलं होतं. खरंच आलं होतं. पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नव्हतं. मी 'नेमकं उत्तर नाही' असं लिहिलं.

मग कागदाची परीक्षा. चौकोनी कोरा कागद द्यायचा, मधोमध घडी घालून मांडीवर ठेवायला सांगायचं. अप्पांनी कागद घेतला आणि त्यांच्या बोटांनी, बघता बघता, त्याची पुडी बांधली. टोक आत खोचून, वरून अंगठ्याने दाबून. जिरे-मोहरीची बांधतात तशी. मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या माणसाच्या हातात चौकोनी कागद आला तर तो दुसरं काय करणार? हे मला आज कळतं. त्या दिवशी मी फक्त एवढंच पाहिलं, की सूचना पाळली नाही.

बेरीज रेषेच्या थोडी खाली आली. थोडीच. मी दोनदा केली.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. त्याच दिवशी अप्पांची वळकटी मागच्या हॉलमध्ये गेली. वाद त्यांनी घातला नाही. "शिकून आलास, तुला जास्ती कळत असंल," एवढंच म्हणाले. तो टोमणा होता, आणि टोमणा असल्यामुळे मला तितकंसं लागलं नाही.

मागच्या हॉलच्या खिडक्या पश्चिमेला. दुपारनंतर भिंती तापायच्या. तिथे जी माणसं होती, त्यातली बरीचशी खरोखर भान हरवलेली. एक आजोबा दिवसभर अदृश्य बैलांना हाकायचे. अप्पा त्यांच्या शेजारच्या खाटेवर. सोमवारी सकाळी मी गोळ्या द्यायला गेलो, तेव्हा ते अंघोळीचं फडकं फिरवून, विभूती लावून, धोतर नेसून बसले होते.

"सोमवार हाय रं माधवा."

"अप्पा, थोडे दिवस जाऊ द्या. सोबत मिळाली की पाठवतो."

"सोबत? महादेवाकडं?" ते हसले. मग थांबून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "खरं सांग. माजं डोकं गेलंय का?"

"तसं नाही, अप्पा. नियम आहे."

"मग मलाच कळंना झालंय, असं म्हण की."

मी गोळ्या हातावर ठेवल्या आणि पुढच्या खाटेकडे गेलो. सोबतीला माणूस शोधला असता तर मिळाला असता. मी स्वतः गेलो असतो तर अर्धा तास लागला असता. पण शनिवारी वर्गात एका वृद्धाची माहिती मांडायची होती आणि ती मला लिहून काढायची होती. ती माहिती अप्पांचीच होती.

नांदेडच्या वर्गात मी ती मांडली. नीट मांडली. वय, व्यवसाय, आजार, चाचणी, मार्क, निर्णय. शेवटी फळ्यावर रेषसुद्धा काढली आणि रेषेच्या खाली एक टिंब. वर्गात शमीम सिस्टर होत्या, नांदेडच्याच, एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात येणाऱ्या. बहुतेक वेळा त्या मागच्या बाकावर डोळे मिटून असायच्या. त्या दिवशी जाग्या होत्या.

"माधवभाऊ, पुडी बांधली म्हणता?"

"हो."

"कशी? टोक आत घेऊन?"

"हो."

"अल्ला! मग मार्क कशाला कापले? मला बांधता येत नाही हो ती. आमचे अब्बा बांधायचे, हळदसुद्धा सांडत नव्हती." वर्ग हसला. त्या पुढे म्हणाल्या, "आणि ऋतू विचारला ना, तर मी पण उन्हाळाच म्हटलं असतं. मलाही टाका मग त्या हॉलात, झोप तरी मिळेल."

आणखी मोठ्याने हसले सगळे. मीही हसायचा प्रयत्न केला. मग मी शिकवणाऱ्या मॅडमकडे वळून म्हणालो, "पण मॅडम, प्रश्न बदलता येत नाही ना?"

आमच्या मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. शांत बाई. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांनी उन्हाळा का म्हटलं, हे तुम्ही त्यांना विचारलं का?"

"चर्चा करायची नसते, मॅडम."

"चाचणी चालू असताना नसते. ती संपल्यावर?"

चाचणी संपल्यावर मी बेरीज केली होती.

परतीच्या गाडीत मी त्या प्रश्नाशी भांडत राहिलो. माझं काय चुकलं? मी शिकवलं तसंच केलं. बसस्टँडवर सापडलेल्या आजीला काही झालं असतं तर कुणाची जबाबदारी होती? हे सगळं खरं होतं, आजही खरं आहे. पण लोह्याच्या आसपास कधीतरी माझ्या लक्षात आलं, की एकाही क्षणी मला अप्पांचं डोकं बिघडलंय असं वाटलं नव्हतं. मार्क लिहितानाही नाही. मला माहीत होतं आणि तरी मी लिहिलं, कारण कागद माझ्याहून शिकलेला होता. गाडीत अंधार होता, खिडकीच्या फटीतून धूळ येत होती, आणि मी ठरवलं, सकाळी उठून पहिल्यांदा त्यांना पुढच्या हॉलमध्ये आणायचं.

सोमवारी ते झालं नाही. सचिव म्हणाले, "असं कसं? कागद लावलाय फायलीला. परत चाचणी घ्या, मार्क भरले तर आणा." आणि लगेच चाचणी घ्यायची नाही, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, हा नियम मीच त्यांना शिकवला होता. अप्पांचा दुसरा सोमवारही तसाच गेला.

या मधल्या दिवसांत मागच्या हॉलमध्ये काय चाललं होतं, ते मी पाहिलं होतं. पण मला ते समजलं नव्हतं. अप्पा कमी बोलायला लागले होते. एका निवृत्त गुरुजींच्या खाटेपाशी जाऊन बसायचे आणि दोघांचं हळू आवाजात काहीतरी चालायचं. मला वाटलं, बरं आहे, सोबत मिळाली. पाणी मात्र ते, माठ शेजारी असूनही, विचारून घ्यायला लागले होते. मला वाटलं, तेही बरं आहे.

शनिवारी मी वर्गाला दांडी मारली आणि चाचणी घेतली. तेच ऑफिस, तीच खिडकी. या वेळी अप्पा पाय खाली सोडून, हात मांडीवर ठेवून बसले. बाहेर टँकर आला होता, पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

"आज तारीख काय आहे?"

त्यांनी इंग्रजी तारीख सांगितली. महिना सांगितला. साल सांगितलं. शाळेतल्या मुलाने पाढा म्हणावा तसं, न थांबता.

"आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत?"

"जिल्हा लातूर."

"कोणता ऋतू चालू आहे?"

खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. धोतर घामाने पायाला चिकटलं होतं.

"पावसाळा," अप्पा म्हणाले.

मी कागद दिला. त्यांची बोटं क्षणभर त्याच्या कोपऱ्याशी गेली, थांबली, आणि त्यांनी कागदाची सरळ, मधोमध घडी घातली. नखाने तिच्यावरून ओढलं. मांडीवर ठेवली.

"बरोबर हाय न्हवं, साहेब?"

साहेब. मी तेव्हा मान खाली घालून मार्क लिहीत होतो. लिहून झाले. रेषेच्या कितीतरी वर. "अप्पा," मी म्हणालो, "पहिल्या वेळी तुम्ही उन्हाळा म्हणालात, ते बरोबरच होतं. माझंच चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं."

"न्हाई साहेब. चुकलं व्हतं माजं. गुरुजींनी समजावून सांगितलं. कॅलेंडरात पावसाळाच हाय."

"अहो, पण पाऊस कुठाय?"

ते बिचकले. मी फसवा प्रश्न विचारतोय असं त्यांना वाटलं असावं. "पावसाळाच हाय," त्यांनी परत सांगितलं, जरा मोठ्याने, दाराबाहेर कुणी ऐकत असेल तर त्यालाही ऐकू जावं म्हणून.

व्हरांड्यातल्या या नव्या विद्यार्थ्यांना मी आता आत घेऊन जातो तेव्हा आधी चहा पाजतो. मग म्हणतो, चाचणी जरूर घ्या, ती चांगली आहे, तिने आमच्या दोघा-तिघांचा आजार वेळेवर कळला. फक्त ती झाल्यावर कागद बाजूला ठेवा आणि त्याच खुर्चीत थोडा वेळ बसा, चुकलेलं उत्तर असं का दिलं ते विचारा. ते वहीत लिहून घेतात. मागच्या हॉलची कडी मी कधीच काढून टाकली, तिथे आता दिवसभर माणूस बसतो. या सगळ्याने काही भरून येतं असं मला वाटत नाही. परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला होता. त्या प्रमाणपत्राची फ्रेम बायकोने भिंतीवर लावली, मी दोनदा उतरवली, तिने दोनदा परत लावली. आता तशीच आहे.

त्या वर्षी, तो तिसरा सोमवार आला तेव्हा अप्पा पहाटे फाटकापाशी उभे होते. पुढच्या हॉलमध्ये आले होते, मार्क होते, कुणी अडवणार नव्हतं. तरी उभे होते. वॉचमन म्हणाला, "जावा की अप्पा," तरी हलले नाहीत. मी आलो तेव्हा म्हणाले, "जाऊ न्हवं, साहेब? कुणी काय म्हणणार न्हाई न्हवं?" मी चपला घातल्या आणि त्यांच्यासोबत निघालो.

ते माझ्या अर्धं पाऊल मागून चालत होते. मी थांबलो की थांबायचे. रस्त्यावर रिकाम्या घागरींची रांग लागली होती, घागरीमागे घागर, माणसं कुठेतरी सावलीत. देवळाबाहेर बेलफुलं विकणारा एक माणूस पोतं टाकून बसला होता. त्याच्यापुढे बेलाची पानं सुकून वळली होती, त्यावर तो हाताने पाण्याचे चार थेंब शिंपडत होता. अप्पांना बघून त्याला आनंद झाला.

"या अप्पा, या. दोन सोमवार दिसला न्हाईत? वाटलं, गेले की काय महादेवाच्या गावाला." मग त्याने आभाळाकडे बोट केलं. तिथे एक पांढरा ढग होता, कापसाएवढा. "काय म्हणून राहिलंय आभाळ? पडतंय का पोळ्यापतूर? तुमी सांगितलेलं खरं व्हतंय."

अप्पांनी मान वर केली. सवयीने, डोळ्यांवर हात धरून. ओठ हलले. मग हात खाली आला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेबांना इचारा," ते म्हणाले. "त्यांना ठावं हाय."

बेलवाला हसला. त्याला वाटलं, अप्पांनी नेहमीसारखी माझी खोडी काढली. मीही तेच शोधत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, ओठांच्या कोपऱ्यात, डोळ्यांत. अप्पा खरोखरच माझ्या उत्तराची वाट बघत होते.